केंजीच्या नऊ धावा गेल्या कुठे?

चहाला उकळी येईपर्यंत फ्रीजवरचा कागद वाचून काढू, एवढंच निशिकांतरावांनी ठरवलं होतं. (पुण्यात पस्तीस वर्षं क्रिकेटच्या बातम्या दिलेला माणूस. आकडे दिसले की हात शिवशिवायचेच.)

कागद नातीच्या बेसबॉल क्लबचा होता. त्यावर बारा वर्षांखालच्या पिचर्सची आकडेवारी होती. पिचर म्हणजे आपला बोलर, हे सिंगापुरात बुकित तिमाहला लेकीकडे आल्यापासून त्यांना कळलं होतं. पहिले तिघं मनिलाच्या स्पर्धेला जाणार. तिसरा केंजी, चौथी आपली नात इरा! दोघांत अंतर सुईच्या टोकाएवढं, आणि शनिवारचा, या दोघांच्याच संघांमधला, एकच सामना उरलेला.

निशिकांतरावांनी पेन काढून केंजीची ओळ तपासली आणि हादरलेच. पोराने धावा दिल्या एकवीस, सरासरीत धरल्या बारा. नऊ धावा गायब! तेही सिंगापुरात! (स्टेडियमचं गवत खाणाऱ्या पुण्यातल्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं.)

चहा उतू गेला. त्यांनी क्लबला आणि झाडून सगळ्या पालकांना मेल ठोकला: 'केंजीच्या नऊ धावा गेल्या कुठे? स्कोअरर कोणाच्या खिशात आहे? चौकशी झालीच पाहिजे!'

संध्याकाळी लेक, विनीता, बूट न काढताच घरात शिरली.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मग! खाली नाव नाही का?"

"स्कोअरर कोण आहे, माहितीये?"

"असेल कोणी लाचखाऊ."

सोफ्यावर कोणीतरी खाकरलं. जावई. "मी आहे, बाबा," प्रबोध म्हणाला.

निशिकांतरावांची नजर त्याच्या पायांकडे गेली. (लग्नात याच माणसाचे पाय धुतले होते.)

"फील्डरच्या चुकीने गेलेल्या धावा पिचरच्या नावावर धरत नाहीत," प्रबोध शांतपणे म्हणाला. "रूलच आहे तसा."

"हा कुठला न्याय? आमच्याकडे कॅच सुटला तरी धावा बोलरच्याच माथी!"

"आबा, धिस इज नॉट क्रिकेट लाह," इरा सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

"बरं, मग आमच्या इराच्या किती माफ केल्यात?"

"सतरा," प्रबोध जमिनीकडे बघत म्हणाला.

इराची ओळ तपासायची राहूनच गेली होती.

तिसऱ्या दिवशी क्लबचं उत्तर आलं. केंजीच्या नऊ धावा बरोबर होत्या. इराच्या सतरापैकी सहांत मात्र फील्डरची काडीचीही चूक नव्हती. होती ती स्कोअररमधल्या बापाची. सुईएवढं अंतर मुसळाएवढं झालं. आता शनिवारी केंजीची चांगली धुलाई झाली, तरच इरा मनिलाला. प्रबोधला स्कोअररपदावरून काढलं होतं. तक्रारदारांना एवढी कळकळ आहे, तर शनिवारी स्कोअर त्यांनीच लिहावा, अशी विनंतीही होती.

निशिकांतरावांनी रूलबुक पाठ केलं. मनाशी मात्र एकच ठरवलं: इराच्या चेंडूला फटका बसला की चूक फील्डरची. नात आहे शेवटी.

शनिवारी ते वहीत डोकं खुपसून बसले. पाठीमागे सगळे पालक डोळ्यांत तेल घालून उभे. एकदम ठण्ण आवाज झाला. मान वर केली तर चेंडू फील्डरच्या डोक्यावरून थेट कुंपणाकडे, आणि तीन पोरं धावत घरी (म्हणजे तीन धावा). निशिकांतरावांनी क्षणही न दवडता शाईने लिहिलं: चूक फील्डरची, पिचर निर्दोष.

"बाबा," प्रबोध कानाशी कुजबुजला, "पिचर केंजी आहे. फटका इराने मारलाय."

"आँ? डाव बदलला कधी?"

"मघाशीच."

"क्रिकेटमध्ये डाव बदलतो तेव्हा निदान चहा तरी होतो हो!"

त्यांनी खोडायला पेन उचललं, तोच केंजीचे वडील समोर आले आणि सगळ्यांदेखत कमरेत वाकले. सख्ख्या नातीचा फटका नाकारणारा इतका निःपक्षपाती स्कोअरर आपण जन्मात पाहिला नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. निशिकांतरावांनी पेनाला टोपण लावलं.

केंजीचा तिसरा नंबर पक्का झाला. घरी जाताना टॅक्सीत इरा म्हणाली, "आबा, तुमची फ्लाइट कधी आहे?"