लिमयेकाकांची मधली चढण

लिमयेकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले आणि त्यांनी मला नरकात धाडलं. तेही पानावरून न उठता.

"तिसरा गुलाबजाम, मेधा," ते शांतपणे म्हणाले. "खादाडांचा थर. मनाला लावून घेऊ नकोस, सिस्टिम आहे." आणि स्वतः चौथा घेतला.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, कुमुदकाकूंनी, कपाळावर हात मारला. "लक्ष नको गं देऊस. रिटायर झाल्यापासून हे असंच. काल पोस्टमनला पाठवलंन."

काका भूलतज्ज्ञ. आयुष्यभर माणसांना झोपवलं, उठवलं आणि देवधर्म म्हणजे थोतांड असं ठणकावून सांगितलं. निवृत्तीनंतर काकूंनी त्यांना लायब्ररीतल्या बागकामाच्या क्लासला पिटाळलं. तो फुल होता. जागा उरली होती ती शेजारच्या वर्गात: मध्ययुगातल्या ख्रिस्ती कवींनी मेल्यानंतरच्या प्रवासावर लिहिलेली काव्यं!

झालं. देवावर विश्वास नाही तो नाहीच, पण त्या कवींची व्यवस्था काकांना भलतीच भावली. "खाली नरक, वर स्वर्ग, आणि मधे चढण. ज्यांना पश्चात्ताप झाला त्यांनी आपापलं ओझं घेऊन ती चढायची. आमच्या वॉर्डात बेड मिळताना मारामार, आणि इथे बघ, प्रत्येकाची जागा ठरलेली!" मग काय, टेस्को सुपरमार्केटात रांग मोडणारे, पार्किंगमध्ये वाकडी गाडी लावणारे, सगळे भराभर खाली जाऊ लागले. दिवाळीला लांबलचक भाषण ठोकणारे आमच्या मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर तर थेट तळाला.

एकाच गोष्टीवर काकांचं क्लासशी जमेना. शिकवणाऱ्या मार्गारेटबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या नन. त्यांनी सांगितलं की, त्या कवींच्या मते ही सगळी व्यवस्था, शिक्षेसकट, देवाच्या मायेनेच उभी आहे. काका लालबुंद होऊन घरी आले. "न्याय म्हणा, पटतं. बुद्धीला धरून आहे. माया कशाला घुसडता मधे? माया आली की वशिला आला!"

मागच्या वर्षी काकू गेल्या. पोटाचा कॅन्सर. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आले तो हिवाळा मला आठवतो. चार वाजता अंधार, ओळखीचं कुणी नाही, मी रोज रडायची. रोज संध्याकाळी काकू गरम डबा घेऊन दारात उभ्या असायच्या. माझ्यासाठी त्या कोण होत्या ते मी सांगत बसत नाही.

वर्षश्राद्धाला काका नाहीच म्हणतील असं मला वाटलं होतं. पण म्हणाले, "विधी नको, लोकांना जेवायला बोलव." मी त्यांच्याच स्वयंपाकघरात वडे केले, खीर केली. जेवताना जोगळेकरांनी सुस्कारा सोडला. "कुमुदवहिनी म्हणजे साक्षात देवमाणूस. थेट स्वर्गात गेल्या असणार."

काकांनी वाटी खाली ठेवली. "नाही. कुमुद चढणीवर आहे."

जोगळेकरांनी हातातला वडा परत पानात ठेवला.

"खोटं बोलायची," काका म्हणाले. "लॉजिकली स्वर्ग बसत नाही."

माझ्या हातातला डाव खिरीत पडला. अहो, माणूस की कोण हा! बायकोच्या वर्षश्राद्धाला, चार लोकांत, तिचा हिशेब मांडतो? पाहुण्यांनी गुपचूप हात धुतले आणि कोट चढवले.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात काकांना गाठलं. "काका, लाज नाही वाटली? हे शेवटचं. यापुढे मी या घरात पाऊल टाकणार नाही." आणि भांडं आत कोंबायला रागारागाने कपाट उघडलं.

ते नेमकं काकूंच्या देवघराचं निघालं. वाटलं होतं, वर्षभराची धूळ असेल. पण देव पुसलेले होते. निरांजनात ताजं तूप होतं. शेजारी सर्जिकल कॉटनच्या फुलवातींचा ढीग. वाती कसल्या, जखमेवर दाबायचे बोळे! आणि स्मोक अलार्म छतावरून उतरून मायक्रोवेव्हवर बसला होता.

"हे... तुम्ही?"

"सारखा ओरडायचा," काका अलार्मकडे बघत म्हणाले. "तिचं संध्याकाळचं स्तोत्र मला येत नाही. फोनवर लावतो आणि मागून म्हणतो."

"काकू कसलं खोटं बोलायच्या?"

"'दुखत नाही' म्हणायची. कित्येक महिने. मला! दुखणं थांबवणं हाच ज्याचा धंदा, त्याला."

"म्हणून त्यांना शिक्षा?"

"अगं वेडे, लॉजिक बघ. खाली गेलेल्याला कुणाची प्रार्थना लागू पडत नाही. वर पोचलेल्याला कशाची गरज उरत नाही. फक्त चढणीवरच्या माणसाचं ओझं, मागे राहिलेल्या कुणी प्रेमाने काही म्हटलं तर, हलकं होतं. तिला वर बसवली तर मी काय करू? जिवंत होती तेव्हा तर काहीच करता आलं नाही गं."

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"पण काका, त्या ख्रिस्ती चढणीवर आपलं स्तोत्र चालतं?"

"मार्गारेटला विचारलं. म्हणाली, प्रेमाने म्हटलेलं पोचतं. कारण विचारलं तर नुसती हसली."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"घेतलं."

काका काडी ओढून निरांजनातला बोळा पेटवायला लागले. पेटेना. मी कापूस जवळ ओढला. "असं बघा, तळव्यावर वळायचं. वर टोक काढायचं." ते वाकून बघत होते. वात लागली.

त्यांनी फोन हातात घेतला आणि थांबले. "मेधा, पोचत असेल ना गं तिला?"

अख्ख्या बेसिंगस्टोकला जागा वाटून मोकळा झालेला माणूस मला विचारत होता.

"पोचतं, काका," मी म्हटलं.

त्यांनी लॉजिक मागितलं नाही.