भालेराव काकांचा शेजार

"तुमच्या मिसेस पत्ते खेळताना लबाडी करतात का?"

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या मराठी पिकनिकला भेळेची डिश हातात धरून उभ्या असलेल्या एका निरुपद्रवी गृहस्थांना भालेराव काकांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी बाजूलाच होते. गृहस्थ दुखावले. "छे हो, आमची ही असलं काही करत नाही!" काकांनी वहीत त्यांच्या नावावर फुली मारली. "मग जमायचं नाही," म्हणाले आणि पुढच्या जोडप्याकडे वळले.

काका सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आमच्याच अपार्टमेंटमध्ये मुलीकडे राहायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी सांगलीचा प्लॉट विकला आणि मुलीच्या नावावर हॉलिस्टरच्या पलीकडे बंद पडलेलं एक जुनं मोबाइल होम पार्क घेतलं. जेमतेम चार घरांची जागा. तिथे पंचावन्नच्या पुढच्या माणसांची वसाहत करायची होती. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवरून येणारं घर. नाव मोबाइल, पण एकदा बसवलं की ते जागचं हलत नाही.

मला त्यांनी न विचारता सेक्रेटरी नेमलं, कारण मला परमिटचे ऑनलाइन फॉर्म भरता यायचे. आठवडाभर मी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची आणि शनिवारी काकांच्या फॉर्ममधल्या. काकांना कुठलीही गोष्ट नुसती आवडत नसे, ती 'तत्त्वतः मंजूर' होई. माझा चहासुद्धा आधी तत्त्वतः मंजूर व्हायचा, साखर वाढवल्यावर अंतिम.

मुलाखती मात्र ते स्वतःच घेत. "भाजी द्यायला जाताना आधी फोन करता का?" एका बाईंनी अभिमानानं 'हो' म्हटलं. फुली! "फोन करून येणारी माणसं या देशात ढिगानं आहेत, त्यासाठी वसाहत कशाला?" हे मला नंतर गाडीत समजावलं. सगळे प्रश्न बायकांबद्दल, नवऱ्यांना एकही नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "नवऱ्यांचं काय, ते कुठेही ठेवले तरी चालतात." मुलाखत संपली की ते लांब झाडाखाली जाऊन कुणाला तरी फोन करत. मला वाटायचं, परमिटसाठी काउंटीच्या सरकारी ऑफिसात करत असतील.

त्यांचं स्वतःचं घर दोन तुकड्यांत आलं. स्वयंपाकघर असलेला अर्धा भाग आधी पोचला, उरलेल्या भागाचा ट्रेलर आठवडाभर वाटेतच अडकला. मधल्या उघड्या बाजूला प्लास्टिक फडफडत होतं आणि काका आत खुर्ची टाकून बसले होते. "तत्त्वतः गृहप्रवेश झाला," मला म्हणाले.

एकदा मी त्यांना हॉलिस्टरला घेऊन निघाले होते. त्यांचा फोन वाजला, चुकून गाडीच्या स्पीकरवर लागला आणि एका बाईंचा आवाज आला. "अहो, दात्यांची सून कुठे नोकरी करते ते मला नको. त्या बाई स्वतः किती बोलतात, ते सांगा!"

काका शाळकरी मुलासारखे लाजले. घाईघाईनं फोन ठेवला.

"आमच्या हिचा फोन. आमची वाटणी झालीय," मग म्हणाले. "भांडणतंटा काही नाही हं. मुलाची दोन पोरं लहान, तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, श्रूजबरीला आजी लागते. मुलीची पोरं मोठी, त्यांना क्लासला सोडायला आजोबा लागतात. सगळ्यांच्या सोयीचं आहे."

"किती वर्षं झाली?"

"चार. दिवाळीत भेटतो ना पंधरा दिवस."

मी उगीचच इंडिकेटर दिला.

नातीला गाडीचं लायसन्स मिळणार, म्हणजे आपण मोकळे होणार, असं दिसल्यावर काकांनी काकूंना विचारलं होतं, आपण दोघं वेगळं घर करू या का? काकू म्हणाल्या होत्या, "नुसत्या घरात भिंतींशी बोलू का मी? शेजार असेल तर येईन." दुसऱ्या कुणी हा नकार समजून विषय सोडला असता. काकांनी ते काम मिळाल्यासारखं घेतलं आणि शेजार बांधायला निघाले.

शेजार जमलाही. दाते काकू अखंड बोलतात, त्या एका फोनात पास झाल्या. डोरोथी नावाच्या अमेरिकन आजी जागा बघायला आल्या, त्या कुणालाही न कळवता, दोन्ही हातांत घरची झुकिनी नावाची काकडीसारखी भाजी घेऊन. काकांनी तिथल्या तिथे चावी दिली. आता त्या बदाम सात खेळतात आणि सत्ता मांडीखाली दडवतात. चौथं घर अजून रिकामं आहे, पण काकूंनी हा शेजार फोनवरून पसंत केला होता.

गेल्या महिन्यात मी गेले, तेव्हा काका घरामागे अळूच्या वाफ्यात पाइप सोडून उभे होते, पाणी खळखळत होतं. पाण्याच्या लाइनचं इन्स्पेक्शन त्याच आठवड्यात पास झालं होतं, शेवटचं तेवढंच काम राहिलं होतं, तेही झालं. ही बातमी द्यायला त्यांनी श्रूजबरीला फोन लावला, मलाही ऐकता यावं म्हणून स्पीकरवर.

त्यांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "अहो, सुनेला पुन्हा दिवस गेलेत. आणखी दोन वर्षं तरी मला निघता येईलसं दिसत नाही." मग त्यांनी हळूच विचारलं. "तुमचं तिकडे सगळं तयार झालं असेल ना हो?"

काकांनी अळूच्या वाफ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"छे, छे! कसलं तयार?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. "सुमे, अजून पाण्याची लाइनच आली नाही. इथली कामं म्हणजे विचारू नकोस. आत्ता आलीस तर तुझेच हाल होतील. सावकाश ये तू, काही घाई नाही."

बोलता बोलता त्यांनी फोन छातीशी दाबून धरला आणि मला घाईघाईनं खूण केली. मी धावत जाऊन पाइपचा नळ बंद केला.