ज्याचं त्याले, जसंच्या तसं

आमच्या दालमिलच्या ऑफिसातल्या गजाननराव इंगळ्यांनी मला तीन वर्षं फसवलं. जळगाव जामोदच्या बाजारात तुरीच्या भावात मला कोणी गंडवू शकलेलं नाही. पण घरच्या कारकुनाने गंडवलं.

हा माणूस कॉम्प्युटरचा वास घेत काम करायचा. म्हणजे नाक पडद्याला टेकायचंच बाकी. आम्ही सगळे हसायचो. सोनाळ्याहून पहिल्या एसटीने येऊन शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सुरतेला. रविवारीसुद्धा येतात. "घरी काय करू, भाऊ? इथं पंखा तरी बोलते."

दिवाळीच्या आधी कळलं, कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम बंद होणार, सहाही मशीनवर नवी टाकावी लागणार. खामगावच्या कॉम्प्युटरवाल्याच्या यादीत एक ओळ होती: प्रत्येकाच्या सेटिंग नव्या सिस्टीमवर नेणे.

"हे काय अस्ते?" मी विचारलं.

"ज्याची मांडणी जशी हाये, तशीच राह्यते, भाऊ."

"मांडणी काय रुखवताची हाये? काट ते."

त्याने काटलं. मी खूश. गजाननराव मात्र उठून आले. "असं नका करू, भाऊ. ज्याचं त्याले भेटलं पाह्यजे, जसंच्या तसं."

हे त्यांचं पालुपद. माझा कानतुटका कप चुकून दुसऱ्याकडे गेला, तरी ते अर्ध्या चहातून परत मागवतात.

मी ऐकलं नाही. मग त्यांनी खणातली जुनी शंभर पानी वही आणि फूटपट्टी घेतली आणि दोन दिवस प्रत्येकाच्या टेबलाशी उभे राहिले. 'शोभाताई: माऊस डाव्या हाताचा.' 'वानखडे: डबल क्लिक हळू. बोट मशीनमध्ये सापडलं होतं.' वानखड्यांच्या नातीचा फोटो पडद्यावर कुठे आहे, तेही पट्टीने मोजलं.

"इंगळे, जमीन मोजून राह्यले काय?" मी ओरडलो.

"हाव, भाऊ," म्हणाले आणि मोजत राहिले.

नवी सिस्टीम पडली आणि सोमवारी ऑफिस ठप्प. शोभाताईंचा माऊस उलटा चालायला लागला. वानखडे सुपारी फोडल्यासारखे माऊस ठोकत होते. आणि माझ्या पडद्यावर अक्षरं नव्हतीच, खसखस सांडली होती.

मी खामगावला फोन लावला. "पडदा बदलला काय बे माझा?" तो शपथा घ्यायला लागला. मी आवाज चढवत होतो आणि डोळे चोळत होतो. माझ्या वयात वडिलांची नजर गेली. शेवटी त्यांना मूग आणि उडीद बोटांनी ओळखावे लागत. काही महिन्यांपासून मलाही रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं. माल नजरेने पारखणारा माणूस आंधळा झाला, की त्याचा धंदा संपला.

शोभाताई आणि वानखडे तोवर वहीवरून मार्गी लागले होते. गजाननराव माझ्याकडे आले. "भाऊ, बाहेर जाऊन चहा पिऊन या. दोनच मिनिटं."

परत आलो तर अक्षरं स्वच्छ. "काय केलं?"

"काही नाही. जसंच्या तसं."

मी वही हिसकावली. माझं पान: 'भाऊ. अक्षर १०० टक्के.' खोडलेलं. 'पोळा, १२५.' खोडलेलं. पुढचा पोळा, १५०. तेही खोडलेलं. 'यंदा १७५. सांगू नये. एकदा डोळे दाखवा म्हटलं, तर पंचिंग मशीन फेकलं.'

फेकलं होतं खरं. आणि हा माणूस दर पोळ्याला गुपचूप माझी अक्षरं मोठी करत होता.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मोतीबिंदू. नुसता मोतीबिंदू! "वडिलांचं ते नाही ना?" मी तीनदा विचारलं. तीनदा "नाही" ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता पैसे दिले.

ऑपरेशन झालं. ऑफिसात आलो तर पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. मी हाताने १०० केली आणि नोंद करावी म्हणून वही उघडली. शेवटचं पान उघडलं गेलं.

'इंगळे. अक्षर १५०.' खोडलेलं. '२००.' खोडलेलं. '३००.'

पुढे काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे वास नव्हता तो. आम्ही तीन वर्षं हसत होतो.

"काऊन सांगतलं नाही?" मी असा ओरडलो की गोदामातले हमाल आत आले.

गजाननराव फूटपट्टी पुसत बसले. "तुमी घरी बसवलं असतं, भाऊ. घरी कोन हाये?"

मी त्यांना तसंच गाडीत घातलं. अकोल्यापर्यंत ते "डब्बा तसाच राह्यला" म्हणत होते. त्यांचाही मोतीबिंदूच निघाला. पिकलेला, पण निघण्यासारखा. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावर इतक्या जोरात हात मारला की चष्म्यांची पेटी खाली पडली.

त्यांचंही ऑपरेशन झालं. तरी मी हे सोडणार नाही. माझी नजर तुम्ही दर पोळ्याला मोजलीत, गजाननराव, आणि मी तुम्हाला घरी बसवीन असं तुम्हाला वाटलंच कसं? याचा जवाब पाहिजे. तोंडी नको. वहीत, माझ्या पानावर लिहा. आणि बारीक लिहा, आता दोघांनाही वाचता येईल.