बंदुकीच्या दस्त्यावरचं नाव

जुन्या बंदुकीला नवं रूप देण्यात स्वित्झर्लंडच्या अख्ख्या एमेंटाल खोऱ्यात माझा हात धरणारा कुणी नाही! हे मीच म्हणतो, पण बावीस वर्षं म्हणतोय आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. सैन्याने मोडीत काढलेली कुठलीही बंदूक आणा. लाकडी दस्त्याला पोचे पडलेत? वर ओलं फडकं ठेवायचं, गरम इस्त्री टेकवायची, की लाकूड पुरीसारखं टम्म फुगून वर! इस्त्री बायकोची. रोझमारी ती शोधायला लागली की मी घरात नसतो.

एवढा गुणी माणूस हा निगी, पण गावच्या नेमबाज मंडळाच्या कमिटीत शिरायला अकरा वर्षं धडपडतोय. दरवर्षी मला एकच मत पडतं. माझंच! आणि रोझमारीसुद्धा मतदार आहे, हे लक्षात घ्या.

आमचे अध्यक्ष गॉटलीब विटवर. दर गुरुवारी सराव संपला, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड पोटात गेलं, की ते छातीवर हात ठेवून सुरू होतात.

"चाळीस वर्षांपूर्वी माझी बंदूक सैन्याला परत केली, निगी! गाढवपणा! पहाऱ्यावर बसून दस्त्यावर चाकूने नाव कोरलं होतं मी. माझ्या प्रेमाच्या माणसाचं! ती बंदूक कुणी आणून दाखवली ना, तर सरळ कमिटीत घेईन त्याला!"

सगळे कौतुकाने हेडीबाईंकडे, म्हणजे अध्यक्षीणबाईंकडे बघतात. हेडीबाई बशा आपटतात.

"नाव राहू द्या. भांडी पडलीत, उठा!"

आणि हा सिंह मुकाट्याने बाह्या सरसावून भांडी घासायला जातो. दर गुरुवारी!

तर गेल्या शनिवारी थून शहराच्या जुन्या बाजारात मी एक बंदूक घेतली. दस्ता असा, की एखाद्या गाईने चघळून परत दिलाय! डाव्या अंगाला मळाखाली कुणा रिकामटेकड्याने काहीतरी खरडलं होतं. वाचायलासुद्धा थांबलो नाही. पॉलिश पेपर घेतला आणि घर्र घर्र! तासाभरात दस्ता बाळाच्या गालासारखा.

बुडाच्या लोखंडी पट्टीचे स्क्रू गंजले होते, ते सगळ्यात शेवटी सुटले. आमच्याकडचा शिपाई सैन्याची बंदूक घरीच ठेवतो आणि त्या पट्टीखाली आपल्या नावपत्त्याची चिठ्ठी. मी पिवळी पडलेली चिठ्ठी उलगडली.

शिपाई गॉटलीब विटवर.

"रोझमारीऽऽ!"

"सापडली का इस्त्री?"

"अगं, मी कमिटी घासून टाकली!"

रविवारी मंडळात जुन्या बंदुकांचं प्रदर्शन होतं. मला बसवेना, उभं राहवेना. स्वयंपाकघर ते पोटमाळा अशा चौदा फेऱ्या मारल्या. नावाशिवाय ती बंदूक नेणं म्हणजे वरातीत नुसता घोडा नेणं!

"खरं सांगून टाक," रोझमारी म्हणाली.

"खरं सांगून कुणी कमिटीत गेलंय?"

प्रेमाचं माणूस म्हणजे बायको, दुसरं कोण असणार? चाकू घेतला आणि जीभ बाहेर काढून ‘हेडी’ कोरलं. जुनं दिसावं म्हणून वरून काळी कॉफी, बुटाचं पॉलिश आणि गोठ्यातलं चिमूटभर आणखी काहीतरी.

रविवारी भरल्या सभागृहात मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. म्हटलं, आता म्हातारा आनंदाने रडणार. पण विटवरसाहेबांचा चेहरा असा झाला, की जणू कोर्टाचं समन्स आलंय!

"स... सापडली?" ते पुटपुटले. "खरंच सापडली?"

तेवढ्यात हेडीबाई पुढे आल्या. "आणा इकडे. आता सगळ्यांसमोर वाचू या नाव!"

अध्यक्षांनी डोळे मिटून बंदूक उलटी केली. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तोंडही उघडं पडलं.

"हेडी!" ते किंचाळले. "बघ! ‘हेडी’च लिहिलंय! चाळीस वर्षं सांगतोय मी, तू दिवा न लावता वाचलं होतंस!"

टाळ्यांचा कडकडाट! मला मिठी मारून ते कानात कुजबुजले, "तिथे ‘लीना’ होतं, चोरा. चीजवाल्याची लीना. तू आजपासून कमिटीत. पण ते ‘हेडी’ पुसलं गेलं, तर तूही पुसला गेलास!"

मी हवेत! तरंगतच कॉफी आणायला स्वयंपाकघरात गेलो. हेडीबाईंनी माझा कान धरला.

"नखांत पॉलिश आहे तुझ्या, निगी."

"हेडीबाई, मी फक्त..."

"अरे शहाण्या, लग्नानंतर बंदूक पुसताना मी ‘लीना’ वाचलं. भर दुपारी! दुसऱ्याच दिवशी यांनी ती परत करून टाकली. तेव्हापासून हा माणूस भांडी घासतोय. लीना बिचारी कधीच कॅनडाला गेली, पण तिच्या जिवावर माझा संसार चाललाय! आणि आज बघ, साठ बशा पडल्यात आणि हा खुर्चीत बसून क्रीम लावलेलं गोड मेरिंग खातोय!"

"मग मी काय करू?"

"लीना परत आण. गुरुवारपर्यंत. नाहीतर कोरणाऱ्याचं नाव सभेत सांगते."

आज बुधवार. बंदूक ‘देखभालीसाठी’ पुन्हा माझ्याच टेबलावर आहे. ‘हेडी’ ठेवलं तर हेडीबाई, घासलं तर अध्यक्ष! शिवाय दस्ता आधीच इतका झिजलाय, की आणखी एकदा घासला तर त्याची लाटणी होतील.

माझा निर्णय होईपर्यंत हेडीबाईंनी तात्पुरती सोय केलीय. विटवरांच्या घरची भांडी रोज आमच्याकडे येतात. ती कोण घासतं, ते कृपया विचारू नका. हा कागद ओला का झालाय, तेही विचारू नका.