शेखचाचांचा हिरवा टॅग

आमच्या शेजारचे शेखचाचा खिशात पेन ठेवत नाहीत, टॅग ठेवतात. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवा म्हणजे पास. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं गिअर तपासून ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त व्हायला तयार नाही. संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टला त्यांनी लाल टॅग बांधलाय. चेअरमनच्या खुर्चीलाही, मीटिंग चालू असताना. माझ्या बायकोनं पाठवलेल्या पुरणपोळ्यांच्या डब्याला मात्र हिरवा मिळाला, तोही तिसरी पोळी संपल्यावर.

"तपासल्याशिवाय पास नाही, राव! सख्खा भाऊ असला तरी नाही."

गेल्या वर्षी चाचींना ल्युकेमिया निघाला, रक्ताचा कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी चाचांना मायक्रोआरएनए समजावला आणि चाचांनी तो जिन्यातच मला समजावला.

"पेशी बिघडली की तिनं आपणहून मरायचं, गुपचूप स्क्रॅपमध्ये जायचं. पण आतून चिठ्ठी निघते, 'मरू नको.' ती चिठ्ठी अडवणारा इन्स्पेक्टर म्हणजे हा मायक्रोआरएनए. एवढासा! चाचीच्या रक्तात तोच गायब. मग काय, खराब माल लाइनवरच बसलाय. मरतच नाही!"

"मग आता?"

"त्याचं काम गोळ्या करणार." आणि एकदम भडकून, "बिनरजेचा गैरहजर, भावा! मी तीस वर्षांत एक शिफ्ट चुकवली नाही."

बिचाऱ्या मायक्रोआरएनएची अशी हजेरी कुणी घेतली नसेल.

तेव्हापासून गोळ्या, थर्मामीटर, डाळिंबं, सगळ्यांची तपासणी सुरू झाली. चाची हसायच्या, "घरात मी सोडून सगळ्याला टॅग लागलाय."

परवा गोळ्या लागू पडतायत का, ते सांगणारा रिपोर्ट यायचा होता. मी सकाळीच डोकावलो. चाची गॅलरीत बसल्या होत्या, मनगटावर हिरवा टॅग.

"रिपोर्ट आला?"

"कुठला! संध्याकाळी येणार." त्या हळूच म्हणाल्या, "उठल्या उठल्या बांधला. काढू नको म्हणाले."

चाचा ओट्याशी पाठमोरे उभे राहून डाळिंब सोलत होते. एकेक दाणा निरखत होते. मला राहवलं नाही.

"चाचा, तपासल्याशिवाय पास?"

त्यांचा हात थांबला. मागे न बघता ते म्हणाले, "तीस वर्षांत पहिल्यांदाच केलं, राव. कुणाला सांगू नको."