हलकं पेट्रोल

वीरण्णा धुळशेट्टे यांची व्हॅन त्या रविवारी माळाच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा सायकल हातात धरून चालत येणारा एक दूधवाला तिला मागे टाकून वर गेला. गेला तो गेला, वर पोचल्यावर थांबून त्यानं वळून पाहिलं. वीरण्णांना गाडी बंद पडण्यापेक्षा ते वळून पाहणं जास्त लागलं.

"मला तर पेट्रोलचंच कायतरी वाटतंय," शेजारच्या सीटवरून त्यांची बायको बसम्मा म्हणाली.

"पेट्रोलला नाव ठेवू नको," वीरण्णा म्हणाले.

पेट्रोलला नाव ठेवून चालणार नव्हतं. उदगीरच्या मोंढ्यात वीरण्णांची तीस वर्षांची आडत होती, आणि माल ओळखावा तर वीरण्णांनीच, असं बाजार म्हणायचा. मूठभर तूर तळहातावर घेतली की ती काळ्या रानातली की मुरमाड, भिजून वाळलेली की नुसती वाळलेली, हे ते सांगत. गेल्या वर्षी सरकारनं दुष्काळापायी पेट्रोलवर लिटरमागं दोन रुपये जादा लावले, तेव्हा ते पेटीवर हात आपटून म्हणाले होते, "दुष्काळ बी आपल्यालाच अन् दंड बी आपल्यालाच?" तेव्हापासून दर रविवारी मोंढा बंद असला की ते सरहद्द ओलांडून कर्नाटकातल्या पंपावर जात. तिथं पेट्रोल चांगलंच स्वस्त होतं. "स्वस्त म्हणजे हलकं न्हाई," ते सगळ्यांना सांगत. "माल तोच, पोतं वेगळं." त्यांच्या शब्दावर मोंढ्यातली दहा-बारा माणसं तिकडं जाऊ लागली होती.

पंपापासून दोन कोसांवर मुरगोंडी हे बसम्माचं माहेर. तिथं तिच्या भावाच्या, मल्लिकार्जुनच्या बोअरला अजून पाणी होतं. उदगीरात नळ बाविसाव्या दिवशी येत होता, तोही आल्यासारखा करून जात होता. म्हणून गेले दोन महिने पेट्रोल भरलं की नवरा-बायको मुरगोंडीला जात आणि येताना पिण्यापुरते दोन कॅन आणत. मुरगोंडीत जावयानं काडी इकडची तिकडं करायची नसते. वीरण्णांनी धपाटे खायचे, वर गव्हाची गोड हुग्गी खायची आणि ओसरीवर आडवं व्हायचं. तोवर गडी गाडीत कॅन ठेवून वर पोती टाकत. घरी आलं की ते पुढच्या दारानं देवळात जात आणि मागच्या दारानं बसम्मा कॅन उतरवून घेई. दोन महिन्यांत त्यांनी कॅनला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

सोमवारी गाडी बिदर नाक्यावर नजीर मिस्त्रींच्या गॅरेजात गेली. नजीर मिस्त्रींनी दुपारपर्यंत ती उघडून ठेवली आणि मग लाकडाच्या भुशानं हात चोळत उभे राहिले. हात धुण्याची चैन उदगीरनं फेब्रुवारीतच सोडली होती.

"सावकार, कार्बोरेटर खोल्या, पिलग बदल्या, फिल्टर झटक्या. कुछ बी नै."

"मग चढत का न्हाई?"

"इधर का पेट्रोल डालके माळ पे लेके गया था. बकरी के माफक चढी."

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा त्याच चढावर बसली. नजीर मिस्त्रींनी पुन्हा उघडली, पुन्हा इकडचं पेट्रोल घातलं, पुन्हा ती चढली. असं चार रविवार झालं, आणि दर रविवारी आदल्यापेक्षा जरा अलीकडेच ती बसू लागली.

"इधर का डाल्या तो चढती, उधर का डाल्या तो बैठती," मिस्त्री म्हणाले. "अब मैं क्या बोलूं? तुमीच माल वळखनेवाले."

ही गोष्ट शेजारच्या आडतीवरच्या संगप्पा बिरादारांना कळली. म्हणजे आता ती सगळ्यांनाच कळली. संगप्पा उदगीर जिल्हा व्हावा म्हणून झटणाऱ्या समितीत होते. उदगीर जिल्हा आज होतो की उद्या, हे दर आठवड्याला त्यांनाच आधी ठाऊक असे. सगळा मोंढा एक सदरा तीन-तीन दिवस पुरवत होता, पण संगप्पांचा सदरा रोज बगळ्यासारखा पांढरा. आमची मंडळी लई काटकसरी, असं ते सांगत.

"मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो," संगप्पा मोंढ्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "एकदाच गेलो होतो तिकडं. माझी जीप बी ह्याच चढावर बसली. तवापासून कानाला खडा. अरे, उद्या आपला जिल्हा होणार, अन् जिल्ह्याची माणसं पेट्रोलला परमुलखात जाऊन राहिली? शोभतं का?"

वीरण्णा हसले. पण त्याच दिवशी भुजंग नावाचा त्यांचा जुना शेतकरी तूर घेऊन आला. वीरण्णांनी मूठ भरली, पाहिली, "चांगली हाय," म्हणाले. भुजंगनं डोकं खाजवलं.

"चांगली म्हंजे तूरवानी चांगली का पेट्रोलवानी?"

असं म्हणून त्यानं ती तूर आणखी दोन आडतींवर दाखवून आणली. तीस वर्षांत वीरण्णांच्या मुठीवर कुणी दुसरी मूठ घेतली नव्हती. त्यांना जेवण गेलं नाही. आज तूर, उद्या हरभरा, परवा माणसं त्यांच्या पायरीवरून पुढे जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः संगप्पांच्या पायरीवर गेले.

"येत्या रविवारी तुमी अन् मिस्त्री माझ्या गाडीत चला. जाण्यापुरतं ठेवून टाकी रिकामी करू. तुमच्या डोळ्यांदेखत तिकडचं भरू. गाडी माळ चढली, तर तुमी मोंढ्यात सगळ्यांपुढं म्हणायचं, वीरण्णाची पारख खरी. न्हाई चढली, तर मी म्हणीन, मला माल कळत न्हाई."

"हाव," संगप्पा म्हणाले. त्यांना एवढी खात्री कशी, हे वीरण्णांना कळेना.

रविवारी सकाळी बसम्मा सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेली.

"आज पाणी ऱ्हाऊ दे," वीरण्णा हळूच म्हणाले. "आज परीक्षा हाय."

"घरात घोटभर न्हाई. दोनच कॅन, अहो."

वीरण्णांनी विचार केला. दोन कॅनचं काय वजन? पाणी ते पाणी, तूर थोडीच आहे.

टाकी भरली. तिघांनी वास घेऊन पाहिला. मग चहाला म्हणून मुरगोंडीला थांबणं आलं, आणि चहाचं जेवण झालं. मल्लिकार्जुननं पाहुण्यांना हात धुवायला तिघांत मिळून एक तांब्या दिला.

"गाव कोरडंच दिसतंय," संगप्पा इकडंतिकडं पाहत म्हणाले.

"कोरडंठाक," मल्लिकार्जुन म्हणाला. "चिमणीला पाणी न्हाई."

धपाटे झाले, हुग्गी झाली, आणि परीक्षक, मिस्त्री आणि जावई असे तिघंही ओसरीवर घोरू लागले. चार वाजता गाडी निघाली. पुढं वीरण्णा आणि बसम्मा, मधल्या सीटवर संगप्पा आणि नजीर मिस्त्री, त्यांच्या पाठीमागं पोत्यांखाली काय ते दोन कॅन. कसलाही आवाज नव्हता. सपाटीला गाडी बरी चालली. माळाचा चढ लागला तशी ती धापू लागली, मग कण्हू लागली, आणि या वेळी चढाच्या निम्म्यातसुद्धा न जाता बसली.

नजीर मिस्त्रींनी उतरून चाकाला दगड लावला. संगप्पा उतरून सदरा झटकत पुढं गेले. बसम्मा गुडघे दुखतात म्हणून आतच बसून राहिली.

"ढकलावं लागंल," वीरण्णा म्हणाले. ते गाडीच्या मागं आले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आपल्या गाडीची पाठ पाहिली. मागची चाकं दबून चपटी झाली होती.

"अहो, मागचं उघडू नका," आतून बसम्मा म्हणाली. "ऊन लागंल."

"कशाला ऊन लागंल?"

त्यांनी मागचं दार उघडलं आणि पोतं वर केलं. खाली निळे कॅन होते. दोन नव्हते, चार नव्हते. त्यांनी धान्याची पोती मोजतात तसे बोट लावून मोजले. बारा. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे बसम्माला ठाऊक होतं; म्हणून एकूणएक कॅन गळ्यापर्यंत भरलेला. प्रत्येकाच्या गळ्याला चिंधी बांधलेली. एक चिंधी समोरच्या सरजाबाईच्या लुगड्याची, एक कोपऱ्यावरच्या वहिदाबीच्या ओढणीची, एक शेजारच्या रत्नम्माची. सगळी गल्ली त्यांच्या गाडीत बसून दर रविवारी माळ चढत होती, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं.

तीस लिटरचा एक, असे बारा. वीरण्णांच्या डोक्यात काटा आपोआप हलला. पन्नास किलोचे सात कट्टे आणि वर दहा किलो. तुरीच्या पोत्यातला खडासुद्धा वजनातून वजा करणाऱ्या माणसानं दोन महिने पाण्याला वजन धरलं नव्हतं.

आणि मग त्यांना इतका आनंद झाला, की पोतं हातात धरून ते जागच्या जागी हलले. पेट्रोल चांगलं होतं. माल तोच होता, पोतं वेगळं होतं. त्यांची मूठ खरी होती. "संगप्पा!" अशी हाक त्यांच्या ओठांवर आली.

बसम्मा मान वळवून त्यांच्याकडं पाहत होती. तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर होता.

"भावापुढं शपथ घेतलीय," ती हळूच म्हणाली. "आपल्याकडच्या बाप्या माणसांत कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

पुढं संगप्पा मिस्त्रींना काहीतरी समजावत होते. संगप्पांच्या कानावर गेलं की संध्याकाळी मोंढ्यात, आणि उद्या सकाळी टँकर मुरगोंडीत. बोअर दोन दिवस टिकली तरी खूप. वीरण्णांनी बारा चिंध्यांकडं पाहिलं. मग पोतं होतं तसं टाकलं आणि दार लावलं. तीस वर्षांची पारखही त्यांनी त्याच पोत्याखाली ठेवली.

"संगप्पा, तुमचं खरं," ते मोठ्यानं म्हणाले. "पेट्रोल हलकं हाय."

संगप्पा नाचतील असं त्यांना वाटलं होतं. पण संगप्पा लगबगीनं मागं आले. "हाव ना? मग झालं तर. तुमी बसा गाडीवर, मी मागून ढकलतो."

वीरण्णा बसले आणि त्यांनी आरशात पाहिलं. घाईत लावलेल्या दारातून पोत्याचं एक टोक बाहेर राहिलं होतं, आणि त्याच्याबरोबर एक चिंधी. संगप्पा तिच्याकडं पाहत उभे होते. मग त्यांनी बोटानं ती चिंधी आत सारली, पोत्याचं टोकही आत सारलं, आणि गाडीला खांदा लावला.

आरशात संगप्पांचा सदरा दिसत होता. एप्रिल महिना, दुष्काळाचं दुसरं वर्ष, आणि सदरा पांढराशुभ्र. वीरण्णा त्या सदऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी गियर टाकला.

सोमवारी मोंढ्यात वीरण्णा उभे राहिले. "मला तूर कळते, हरभरा कळतो. पेट्रोल कळत न्हाई. तिकडं कुणी जाऊ नका." लोक हसले. मग कुणी न विचारता संगप्पा म्हणाले, "पेट्रोल मी बघीन. तूर मात्र वीरण्णांनीच बघावी, माझी बी." त्यावर भुजंगनं आपली तूर परत आणली. सरहद्दीकडचा रस्ता त्या आठवड्यापासून मोकळा झाला. रविवारी त्यावर एक व्हॅन आणि एक जीप, एवढंच दिसे.

राहिले नजीर मिस्त्री. मंगळवारी सकाळी वीरण्णांनी त्यांच्या गॅरेजात एक निळा कॅन उतरवला. स्वतः उचलून उतरवला, आणि उतरवताना त्यांच्या कंबरेत कळ आली.

"हे काय, सावकार?"

"बॅटरीत घालायला पाणी."

"बॅटरीकू पाव लिटर लगता."

"ऱ्हाऊ द्या. गाडी जुनी हाय."

नजीर मिस्त्रींनी कॅन एका हातानं उचलून पाहिला, खाली ठेवला, वीरण्णांच्या व्हॅनच्या मागच्या चाकांकडं पाहिलं, आणि पुन्हा कॅनकडं पाहिलं.

दुपारी शाळेतले एक गुरुजी स्कूटर घेऊन आले. "मिस्त्री, खरं सांगा, तिकडच्या पेट्रोलनं इंजिनाला काही होतं का हो?"

नजीर मिस्त्रींनी भुशाचा डबा बाजूला सारला. साबण घेतला, निळ्या कॅनमधून तांब्या भरून घेतला, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात सावकाश, फेस काढून धुतले. पुन्हा एकदा धुतले.

"गुरुजी," ते हात झटकत म्हणाले, "इंजन बैठ जाता."