सातव्या गाण्यातला खोकला

कलावंताची थोरवी त्याने काय केले यावरून नव्हे, तर लोकांनी त्याचे काय केले यावरून ठरते. आमचे गायक या कसोटीला पुरेपूर उतरले.

शब्द, चाल, आवाज, सगळे स्वतःचे घालून त्यांनी नऊ गाण्यांचा अल्बम काढला. त्यात अंगाई होती, बँडची धून होती, एका गाण्यात नुसते शिलाई मशीन होते. (समीक्षक याला आधी 'धरसोड' म्हणाले, नाव झाल्यावर 'विविधांगी' म्हणू लागले.) पण हा सारा पसारा सातव्या गाण्यासाठी होता. वडिलांच्या आजारपणात सगळे ताईच्या गळ्यात टाकून ते कार्यक्रम करत हिंडले होते. तेव्हापासून ताई बोलत नव्हती. समोर जाऊन माफी मागायची छाती होईना, म्हणून त्यांनी ती गाण्यात मागितली. ताईने ते शब्द ऐकावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

आवाज घुमू नये म्हणून ते लहानपणीसारखेच कपड्यांच्या कपाटात डोके घालून गायले. 'चुकलो' म्हणताना डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला आणि खोकला आला. ते शब्द पुन्हा गायचा धीर झाला नाही, म्हणून खोकला राहिला.

लोकांना तो फार भावला. वर्षभरात इतरांनी गायलेली या गाण्याची एकशे बारा कव्हर निघाली, त्यांपैकी एकशे नऊ जणांनी खोकला जसाच्या तसा ठेवला. (उरलेल्या तिघांवर विटंबनेचा ठपका आला.) एक शास्त्रीय गायिका तो विलंबित लयीत घेई. एका वाद्यवृंदाने शब्दच गाळले, कारण त्यांच्यामुळे खोकल्याकडे दुर्लक्ष होत होते. गायनाच्या क्लासात खोकल्याला वीस गुण ठेवले गेले, शब्दांना दोन.

गायक स्वतः एकदा मंचावर खोकल्याविना गायले. कार्यक्रमानंतर आयोजक काळजीने आत आले.

"तब्येत बरी आहे ना? आज खोकला नाही आला."

अखेर ताईचा फोन आला.

"दाताच्या दवाखान्यात बसले होते. कुठल्याशा पोरीचं गाणं लागलं होतं. ती खोकली नि मला तूच आठवलास. कपाटातल्या गोळ्या अजून काढल्या नाहीस ना, गाढवा?"

गायकांना रडू कोसळले. "आणि शब्द, ताई?"

"कसले शब्द? आत मशीन घरघरत होतं."

मग तेच शब्द त्यांना न गाता, साध्या तोंडाने म्हणावे लागले. (याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.) ताई आता दर रविवारी फोन करते.

हे वाचून तुम्ही ते गाणे शोधाल आणि शब्द ओलांडून थेट खोकल्यावर जाल. संकोच नको. तुमच्यासाठी नुसत्या खोकल्याची आवृत्ती निघालीच आहे.